वहिनींचा हात

प्रयोगशाळेत त्यांना सगळे वहिनी म्हणत. त्याला कारण त्यांची धाकटी नणंद. आकडेवारी तपासायला ती तिथे नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात भर मीटिंगमध्ये म्हणाली, "वहिनी, तो तक्ता जरा इकडे दे." तोवर वहिनी मॅडम होत्या. पेशीशास्त्रातल्या डॉक्टर, भिंतीवर दोन प्रमाणपत्रं, दारावर पाटी. पण त्या मीटिंगनंतर मॅडम गेल्या त्या गेल्याच. पुढे पुढे प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सरही वहिनी म्हणू लागले, आणि सर वयाने वहिनींच्या वडिलांच्या बरोबरीचे होते.

नणंदेला घरी बारकी म्हणत. ती चांगली ताडमाड उंच होती आणि कपाटावरचे डबे स्टुलाशिवाय काढायची; पण घरात एकदा नाव पडलं की उंचीचा इलाज चालत नाही.

वहिनींचं काम मूलपेशींवर होतं. मूलपेशी म्हणजे ज्यांचं अजून काही ठरलेलं नाही अशा पेशी. पुढे हाड व्हायचं, रक्त व्हायचं की आणखी काही, हे त्यांनी मनावर घेतलेलं नसतं. बहुतेक घरांत असं कुणीतरी असतंच. पण या पेशींना एक खोड असते : शरीरात कुठे गाठ असली की त्या तिकडे ओढल्या जातात. वहिनींनी या खोडीचा उपयोग करायचं ठरवलं. पेशींना आधी औषध तयार करायला शिकवायचं, मग कॅन्सर झालेल्या उंदरात सोडायचं. त्या वाट काढत गाठीपर्यंत जाणार आणि तिथे बसून औषध ओतणार. हे काम सुरू झालं तेव्हा वहिनींचा मुलगा पहिलीत होता. आता त्याला मिसरूड फुटलं होतं आणि तो आईशी दाराआडून बोलत होता.

उंदीर तळघरात असत. तिथे खिडकी नव्हती. एका भिंतीला पिंजऱ्यांची मांडणी, दुसऱ्या भिंतीला हात धुवायचं बेसिन आणि मध्ये स्टीलचं टेबल. अर्ध्या उंदरांना पेशी टोचत, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. पहिल्यांना पेशीवाले म्हणत, दुसऱ्यांना पाणीवाले. पेशीवाल्यांच्या पिंजऱ्यावर हिरवं कार्ड, पाणीवाल्यांच्या पिंजऱ्यावर पांढरं. ही पद्धत वहिनींनीच घातली होती. पूर्वी एकदा कुणीतरी पाणीवाल्यांना पेशी टोचून मोकळा झाला होता आणि सगळा प्रयोग केरात गेला होता. तेव्हापासून रंगीत कार्डं. तळघरात पाऊल टाकताच कोण कुठला ते दिसलं पाहिजे, हा वहिनींचा दंडक होता आणि तो पाळला जाई.

मग दर आठवड्याला गाठ मोजायची. त्यासाठी कॅलिपर : दोन जबडे, मध्ये सरकती पट्टी. उंदराला मानेमागच्या सैल कातडीने चिमटीत उचलायचं, कुशीवरची गाठ वर आणायची, जबड्यांत धरून आधी लांबी घ्यायची, मग रुंदी. ऐकायला सोपं. पण गाठ म्हणजे लाकडी ठोकळा नव्हे. वर कातडी, खाली मांस, आणि मध्ये ती, पिकू घातलेल्या फळासारखी. जबडे जरा आवळले की लहान भरते, जरा सैल सोडले की मोठी. किती आवळायचं हे कुठल्याच पुस्तकात नाही. ते हाताला कळावं लागतं.

आणि तो हात वहिनींचा. दुसऱ्या कुणी मोजलं तर आकडे ओल्या भिंतीवरच्या चुन्यासारखे कसेही उतरत. वहिनींचे मात्र ओळीत उभे राहत. बाहेरगावचे संशोधक आले की सर त्यांना तळघरात नेत आणि वहिनींची मोजणी दाखवत. पाहुणे माना डोलवत. प्रयोग संपला की गाठी काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप घेण्यासाठी पाठवायच्या असत, त्यामुळे तराजूपर्यंत त्या कधी पोचल्याच नाहीत. वहिनींचा हात असताना तराजू कशाला, असंही लोक म्हणत.

तर वहिनींच्या हाताने सांगितलं की पेशीवाल्यांच्या गाठी लहान राहतात. एकदा नव्हे, तिन्ही प्रयोगांत. सरांनी ते परिषदांमध्ये सांगितलं, हॉस्पिटलला कळवलं. हॉस्पिटलमध्ये कॅन्सर विभागाच्या मुख्य डॉक्टरीणबाई होत्या. त्यांची एक समिती होती, आणि हे औषध माणसांना देऊन बघायचं की नाही ते ही समिती ठरवणार होती. ठरलं तर वहिनींना वरच्या मजल्यावर स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. वहिनी एकदा ती रिकामी खोली बघून आल्या होत्या आणि खिडकी उघडून बंद केली होती. चांगली लागत होती.

समितीकडे जाणाऱ्या अहवालात एक पान बारकीचं होतं. आकडे तपासले, ठीक आहेत, खाली सही. बारकीने आकडे तपासले. ते ठीक होते. इतके ठीक होते की ती उठून वहिनींच्या टेबलापाशी आली.

"वहिनी, मोजताना तुला कळतं का, उंदीर कुठल्या गटातला आहे ते?"

"न कळायला काय झालं? कार्ड समोर असतं."

"तेच म्हणतेय मी."

"काय म्हणतेयस?"

"कार्डं झाकून मोजायला हवं होतं."

वहिनी आधी हसल्या. मग त्यांना दिसलं की बारकी हसत नाहीये. कार्डं झाकायची म्हणजे काय, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. माणसांवर औषधाची चाचणी घेताना डॉक्टरलाही कळू देत नाहीत कुणाला काय दिलंय, हे त्या स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत. पण ते माणसांचं. माणूस आशेला लागतो, डॉक्टरकडे बघून बरं वाटतंय म्हणतो. उंदीर कशाला म्हणेल? वहिनींनी तसं विचारलंही. बारकी म्हणाली की तिला उंदरांबद्दल काहीच शंका नाही.

एवढं पुरे झालं. दोघी एकाच घरातल्या असल्यामुळे पुढचं न बोलताच समजलं.

बारकी दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची आणि सुट्टीच्या दिवशी भावाकडे जेवायला यायची. त्या सुट्टीला ती आली नाही. सासूबाईंनी कारण विचारलं, वहिनींनी टाळलं, मुलाने दाराआडून सांगून टाकलं. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेची बाजू घेतली. सुनेने इतकी वर्षं उंदीर मोजले, त्यात नणंदेने खोट काढावी, हे त्यांना पटेना. त्या म्हणाल्या की बारकीला लहानपणापासून सवय आहे, दुसऱ्याचं गणित बरोबर आलं की हिला झोप लागत नाही. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांशी बोलायची त्याला सवय, पण घरी त्या खुर्चीत तो स्वतः असे. तो एवढंच म्हणाला की दोघींचंही बरोबर असेल. त्यावर त्याला आणखी पोळी वाढण्यात आली.

इकडे सरांनी बारकीला खोलीत बोलावून चहा पाजला. विज्ञान विश्वासावर चालतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. बारकीने विचारलं, मग आपण मोजतो कशाला? सरांनी कप खाली ठेवला. समितीची बैठक तोंडावर आली होती आणि सहीशिवाय अहवाल जाणार नव्हता. शेवटी सरांनीच तोड काढली : एकदा कार्डं झाकून दुसऱ्या कुणाकडून तरी मोजून घेऊ, म्हणजे पोरीचं समाधान होईल.

दुसरं कुणीतरी म्हणजे भिडे. हे त्याचं आडनाव नव्हे. भिडस्त होता म्हणून सगळे त्याला भिडे म्हणत, आणि आपलं आडनाव वेगळं आहे हे सांगायचीही त्याला भीड पडायची. तो सुई टोचण्याआधी उंदराला "सॉरी हं" म्हणायचा. त्याने झाकल्या कार्डांनी सगळे उंदीर मोजले. पेशीवाले आणि पाणीवाले यांच्यात काहीच फरक निघाला नाही. पण त्याचे आकडे इतके वर-खाली होते की त्यांवरून फरक आहे म्हणायची सोय नव्हती आणि नाही म्हणायचीही.

"त्याचा हात थरथरतो," वहिनी सरांना म्हणाल्या. "उंदराची माफी मागून मोजतो तो. अशाने काय मोजणार?"

सरांना हायसं वाटलं. भिडेलाही वाटलं. त्याने वहिनींची माफी मागितली.

विषय तिथेच मिटायचा. पण वहिनी त्या दुपारी भिडेचे आकडे घेऊन बसल्या, त्याची चूक नेमकी कुठे होते ते त्याला दाखवावं म्हणून. भिडे चुकला होता हे उघड होतं. काही गाठी त्याने फार मोठ्या भरवल्या होत्या, काही फार लहान. पण तो दोन्ही गटांत सारखाच चुकला होता. थरथरत्या हाताने हिरव्या कार्डाची बाजू घेतली नव्हती, पांढऱ्याचीही नाही. वहिनींनी कागद घडी करून खणात टाकला, परत काढला, आणि बारकीच्या टेबलापाशी गेल्या.

"मी मोजते," त्या म्हणाल्या. "कार्डं झाकून. माझा हात, माझे उंदीर. मग तर सही करशील?"

"करेन."

आता अडचण अशी की वहिनी उंदरांना ओळखत होत्या. कुणाच्या कानाला कशी खाच आहे, कोण चावतो, कोण चिमटीत धरलं की पाय गोळा करतो, सगळं पाठ. बारकीने त्यावर उपाय केला. तिने एका जाड कापडाला मध्ये भोक पाडलं. भिडेने कापडाखाली उंदीर धरायचा, भोकातून फक्त गाठ वर काढायची, वहिनींनी मोजायची. पिंजऱ्यांची जागाही बारकीने बदलून ठेवली. भिडेला कापडाखाली दोन्ही हात घालून बसलेला पाहून सर म्हणाले की जादूचे प्रयोग सुरू केलेत वाटतं, आणि वर निघून गेले.

मोजणी सुरू झाली. कापडापलीकडून "सॉरी हं" यायचं, मग भोकातून गाठ. वहिनी कॅलिपर लावत, आकडा सांगत, बारकी लिहून घेई. पहिल्या काही उंदरांना वहिनींना गंमत वाटली. मग त्यांना वाटलं की कापड असून नसल्यासारखं आहे, आपल्याला कळतंय.

"हा पेशीवाला," त्या म्हणाल्या.

बारकीने तेही लिहून घेतलं.

"आणि हा पाण्याचा. बघ हवं तर."

बारकीने बघितलं नाही. वहिनी मग प्रत्येकाचं सांगत गेल्या. गाठ हाताला लागली की कशी निबर आहे, कशी मऊ आहे, यावरून त्या ठामपणे सांगत होत्या आणि कापडापलीकडे भिडेही कौतुकाने मान हलवत होता. खरं तर त्यालाही काही माहीत नव्हतं.

शेवटचा उंदीर पिंजऱ्यात गेला तसं बारकीने आपल्याजवळचा क्रम काढला आणि आकडे त्यात बसवले. वेळ फारसा लागला नाही. तिने कागद फिरवून वहिनींपुढे धरला आणि खिडकीकडे बघावं तशी भिंतीकडे बघत उभी राहिली, तळघरात खिडकी नसल्यामुळे.

आकडे सुबक होते. ओळीत उभे होते. हात वहिनींचाच, यात शंका नव्हती. फक्त फरक नव्हता. पेशीवाल्यांच्या गाठी आणि पाणीवाल्यांच्या गाठी भावंडांसारख्या सारख्या होत्या. आणि वहिनींनी जे ओळखून सांगितलं होतं, त्यातलं निम्मं बरोबर होतं आणि निम्मं चूक. नाणं उडवून सांगितलं असतं तरी इतकंच जमलं असतं.

वहिनींनी भिडेला चहा घेऊन यायला सांगितलं. तळघरात चहा आणायला बंदी आहे हे त्याला माहीत होतं, पण तो गेला. मग त्यांनी कापड बाजूला केलं, कार्डांवरचे कागद काढले, आणि तेच उंदीर पुन्हा घेतले. स्वतः धरायचे, स्वतः मोजायचे, नेहमीसारखे. प्रत्येक उंदराआधी त्या क्षणभर थांबत होत्या. हाताला बजावत होत्या की सारखं धर, दोघांना सारखं धर. बारकी लिहीत गेली.

फरक परत आला. पहिल्याएवढा नाही, पण आला.

वहिनींनी कॅलिपर स्टीलच्या टेबलावर ठेवला. हिरवं कार्ड दिसलं की हात एका केसाने जास्त आवळत होता, पांढरं दिसलं की एका केसाने सैल सोडत होता. एवढंच. या एका केसावर तीन प्रयोग, सरांची भाषणं आणि वरच्या मजल्यावरची खोली उभी होती.

"मी आवळत नव्हते गं," त्या म्हणाल्या.

"माहितेय मला."

"मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम केलं असतंस तर पकडणं सोपं गेलं असतं, वहिनी. मीही पहिल्यांदा आकडे बघितले तेव्हा खूश झाले होते."

दुसऱ्या दिवशी त्या उंदरांच्या गाठी काढल्या आणि पहिल्यांदाच तराजूवर ठेवल्या. तराजूला मूलपेशींबद्दल काही वाटत नसल्यामुळे त्यानेही फरक नाही हेच सांगितलं.

सरांना सांगायला वहिनी एकट्या गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की तीन प्रयोगांचे आकडे हेही मोजलेलेच आकडे आहेत, कुणी घरी बसून लिहिलेले नाहीत. ते समितीपुढे जाऊ देत. कार्डं झाकून मोजायचं पुढच्या प्रयोगापासून सुरू करू. सहीचं काय, असं वहिनींनी विचारलं, तेव्हा सर म्हणाले की सहीला बाहेरचाही माणूस चालतो. सर वाईट नव्हते. त्यांना निवृत्तीआधी एक औषध हवं होतं, आणि ते इतकं जवळ आलं होतं की त्यांना त्याचा वास येत होता.

वहिनी हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. बैठकीपर्यंतचे दिवस त्यांनी नेहमीसारखे काढले. पेशींना खायला घातलं, विद्यार्थ्यांना रागावल्या. एकदा वरच्या मजल्यावर जाऊन आल्या, पण खिडकी उघडली नाही.

समिती वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत जमली. सरांनी प्रास्ताविक केलं. चांगला निकाल आला की सर "आपण" म्हणत आणि घोटाळा झाला की "तुम्ही". त्या दिवशी प्रास्ताविकभर आपण, आपण चाललं होतं. मग वहिनी उठल्या. पडद्यावर पहिल्या प्रयोगाचा तक्ता होता, हिरवी रेघ खाली, पांढरी वर. त्यांनी तो तक्ता तसाच राहू दिला.

"हा फरक खोटा आहे," त्या म्हणाल्या. "औषध लागू पडत नाही. माझा हात लागू पडतो."

मग त्यांनी कॅलिपर, कार्डं आणि कापडाचं भोक हे सगळं क्रमाने सांगितलं, जसं त्या विद्यार्थ्यांना सांगत तसं. समितीतल्या एका गृहस्थांनी सवयीने शेवटी टाळी वाजवायला हात उचलले आणि मध्येच आवरले.

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई बराच वेळ तक्त्याकडे बघत होत्या. त्यांनी सांगितलं की दोन-तीन पेशंटच्या घरच्यांशी त्यांनी या औषधाबद्दल आधीच बोलून ठेवलंय. बोलायला नको होतं, पण ते लोक रोज फोन करतात. "त्यांना आता काय सांगू?"

"मी मोजण्यात चुकले म्हणून सांगा."

"असं नाही सांगता येत हो पेशंटला."

"मग औषध लागू पडत नाही म्हणून सांगा. तेही खरंच आहे."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, आणि आणखी एक विचारलं. याच तळघरात इतर औषधंही मोजली गेली असतील, निकामी म्हणून सोडून दिलेली. तीही अशीच कार्डं समोर ठेवून मोजली होती का? वहिनी म्हणाल्या, हो. आणि ज्यांच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, तीच निकामी निघाली होती. हे बोलेपर्यंत त्यांच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. त्या खाली बसल्या. सरांनी मग समारोप केला. "तुम्ही हे वेळेवर लक्षात आणून दिलंत," असं ते वहिनींना म्हणाले.

औषध माणसांना दिलं गेलं नाही. वरची खोली माशांवर काम करणाऱ्या गटाला मिळाली.

संध्याकाळी वहिनी घरी पोचल्या तेव्हा ताटं मांडलेली होती, नवरा जेवायला बसला होता, आणि बारकी बरोबर होती. वहिनींनीच तिला ओढून आणलं होतं. ती उंबऱ्याच्या आत येऊन चपला न काढता उभी राहिली. सासूबाईंनी मुलीकडे एक नजर टाकली आणि सुनेला विचारलं की काय झालं. वहिनींनी सांगितलं. सासूबाईंना पेशी आणि कॅलिपर यांतलं सगळं कळलं असं नाही, पण खोली गेली हे कळलं आणि ती कुणामुळे गेली याबद्दल त्यांचं मत तयार होतं. त्या म्हणाल्या की घरच्याच माणसाने पाय ओढले.

"तिने नाही ओढले. मोजलं मीच, आई."

"मग ते औषध वाईट होतं का? त्याने कुणाला काही झालं असतं?"

"नाही. वाईट नव्हतं. नुसतंच होतं."

"मग दिलं असतं तर काय बिघडणार होतं? माणसाला तेवढाच धीर."

नवरा जेवायचा थांबला. वहिनींनी पर्स खुर्चीला अडकवली, हात धुतले, पुसले, आणि मग बोलल्या.

"ज्यांना ते दिलं असतं, त्यांनी दुसरं काही घेतलं नसतं, आई. आमच्या भरवशावर थांबले असते."

सासूबाईंनी कपाटातून आणखी एक ताट काढलं, पुसलेलंच होतं ते पुन्हा पुसलं, आणि वहिनींच्या ताटाशेजारी ठेवलं.

"आणि तू गं," त्या बारकीला म्हणाल्या. "दारात काय उभी आहेस पोस्टमनसारखी. चपला काढ, आणि ये. गार होतंय."